परक्याचं सुतक

"आपल्यात कुणी गेल्याचं कार्ड आलं, तर वाचून दारातच फाडतात. उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. आणि ही बया बघा! दुसऱ्याचं सुतक पैसे देऊन आणते, वर काचेत घालून भिंतीला लावते."

ठकुबाई हे फ्रीजला सांगत होत्या. बर दुबई भागातल्या त्या स्वयंपाकघरात दोन बायका उभ्या राहिल्या की तिसरा मावतो तो फ्रीजच. त्यामुळे सुनेला काही ऐकवायचं असलं की त्या फ्रीजकडे तोंड करून बोलत. सून हाताच्या अंतरावर कणीक मळत असे.

"जरा मोठ्यानं सांगा, आई," ममता म्हणाली. "जुना झालाय तो. त्याला कमी ऐकू येतं."

ठकुबाईंनी कोथिंबिरीची जुडी अशी झटकली, जसं काही तीच सून होती.

खेडजवळच्या गावाहून त्या व्हिजिट व्हिसावर आल्या होत्या, नातीचं जमवायला. रविवारी शारजाहून मोहितेबाई आपल्या मुलाला, विघ्नेशला घेऊन येणार होत्या. संजनाचं आणि विघ्नेशचं तसं कधीच जमलेलं होतं; आता फक्त ते आपण जमवलं असं मोठ्यांनी म्हणायचं बाकी होतं. घर पुसून झालं होतं, नवीन पडदे लागले होते. राहिली होती ती सोफ्यामागची भिंत.

त्या भिंतीवर लिंकनचं सुतक होतं. अमेरिकेचा तो उंच, गाल बसलेला अध्यक्ष. देशात भाऊबंदकीचं युद्ध पेटलं ते त्यानं शेवटपर्यंत रेटलं, आणि ते संपतंय तोच बायकोबरोबर नाटक बघायला गेला असताना त्याला मागून गोळी घातली. पण भिंतीवर खरं तर तो फारसा नव्हताच. होती ती मागे राहिलेल्यांची चीजवस्तू. लोकांनी तेव्हा छातीला लावलेल्या काळ्या रेशमी फिती. काळी किनार छापलेली पाकिटं, आतलं पत्र कधीच हरवलेली. काळ्या कापडाच्या फुलात बसवलेला त्याचा फोटो, काडेपेटीपेक्षा लहान, इतका विटलेला की दाढी आहे एवढंच कळावं. एका फ्रेममध्ये तर नुसता काळ्या सुती कापडाचा तुकडा होता. कुठल्याशा गावात दुकानाच्या दाराला बांधलेला, असं विकणारा म्हणाला होता. खरं-खोटं त्यालाही ठाऊक नव्हतं, त्यानं तसं सांगितलंही, आणि ममतानं तेवढ्या खरेपणावरच तो घेतला.

सुरुवात एका पार्कातल्या जुन्या बाजारात झाली. मीना बझारच्या दोन दुकानांचं फॉल-पिकोचं आणि अबायांचे, त्या काळ्या अरबी झग्यांचे, काठ शिवण्याचं काम ती घरी करायची. बाजारात ती लेस आणि बटणं धुंडाळायला जायची. दुबई सोडून निघालेली एक अमेरिकन म्हातारी चादरीवर अर्धं घर मांडून बसली होती. त्यात ही फीत. काठाची शिवण हातची होती, बारीक, आणि एका जागी हात थरथरल्यासारखी वाकडी. हे काय, असं ममतानं विचारल्यावर म्हातारीनं फीत उचलून स्वतःच्या छातीवर धरली. "दे वोअर इट हिअर. ऑल ऑफ देम. इन द स्ट्रीट."

रस्त्यात. सगळ्यांनी.

"चाळीस दिरहम, म्हणजे नऊशे रुपये, बोटभर फितीला!" ममता सवयीनं मोठ्यानं म्हणाली, आणि घासाघीस न करता दिले.

अरुणला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

अरुण म्हणजे थोरला. पुण्याला इंजिनिअरिंगला होता, हॉस्टेलमध्ये. तिथून फोन आला, हे तिघं विमानानं गेले, तिकडचं तिकडेच सगळं उरकलं. गावी ठकुबाईंखेरीज इतरांना सांगायचं काय, यावर सुदेश आणि त्याचे चुलते लॉजच्या खोलीत दार लावून बसले, आणि दार उघडलं तेव्हा पोरगा हार्टनं गेला असं ठरलेलं होतं. ममताला कुणी विचारलं नाही. तिनंही दार वाजवलं नाही. दुबईला परत आल्यावर सुदेशनं मुलाचे कपडे पिशव्यांत भरले आणि सोनापूरच्या लेबर कॅम्पात नेऊन वाटले. दान होतं, पुण्य होतं, कोण नाही म्हणणार? फोटो सुटकेसमध्ये गेले, सुटकेस कपाटावर गेली. बिल्डिंगमध्ये नवीन आलेल्यांना तर या घरात मुलगा होता हेच ठाऊक नव्हतं.

एकदा खाडीच्या धक्क्यावर, अब्रा होडीतून उतरणाऱ्या गर्दीत, ममताला निळा चौकड्यांचा शर्ट दिसला. कॉलर तिनं स्वतः उलटवून शिवलेली. ती हजारात ओळखली असती. आत कुणी दुसराच होता, सिमेंटनं पांढरा झालेला, हसत फोनवर बोलत होता. तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. उलट बरं वाटलं. निदान शर्ट तरी उजळ माथ्यानं फिरतोय, असं तिच्या मनात आलं.

आणि मग तिला त्या फितीवाल्यांचा नादच लागला. फोनवर व्हिडिओ बघ, डिक्शनरी घेऊन वाच, परदेशातल्या विकणाऱ्यांशी मोडक्या इंग्रजीत वाद घाल. तिला युद्धाच्या तारखा पाठ नव्हत्या. तिला पाठ होती ती प्रेत नेणारी आगगाडी, काळं कापड लावलेली. गावोगावची माणसं रुळाच्या कडेला शेकोट्या पेटवून तिची वाट बघत उभी राहिली होती. त्या गाडीत पेटी एक नव्हती. अध्यक्षाचा लहान मुलगा आधीच, युद्ध चालू असताना तापानं गेला होता, त्यालाही काढून बापाबरोबर घरी नेलं होतं. हे वाचलं त्या दिवशी ममतानं मशीन बंद करून ठेवलं होतं. अध्यक्षाची बायको पुढे जन्मभर काळ्या कपड्यांत राहिली, आणि उरलेल्या मुलानं तिला कोर्टात नेऊन वेडी ठरवलं. हे मात्र ममतानं घरात कुणाला सांगितलं नव्हतं. उगाच कशाला वाट दाखवा?

शनिवारी संध्याकाळी सुदेश देराच्या ऑफिसातून आला तो हातात बेडशीट घेऊन. नवीन, गुलाबी, मोठ्या मोठ्या गुलाबांची.

"भिंतीवर टाकू. फक्त उद्याच्या दिवस. सोमवारी काढ नि पूज तुझ्या त्या लिंकनला."

"भिंतीला बेडशीट?"

"डेकोरेशन म्हणायचं. आजकाल लावतात."

"कोण लावतं?"

सुदेश चिडला. "ममता, शुभ काम आहे. मुलीकडच्या घरात शिरल्या शिरल्या काळ्या फिती दिसल्या तर काय वाटेल त्यांना? एक दिवसाचा प्रश्न आहे, यार."

"अरुणचे फोटोही तुम्ही एक दिवसासाठीच उतरवले होते," ती म्हणाली. "सत्यनारायण होता तेव्हा."

हे नाव या हॉलमध्ये बऱ्याच दिवसांनी पडलं होतं. मुलीच्या खोलीचं दार किंचित उघडं होतं ते हळूच लागलं.

"विषय तो नाही," सुदेश म्हणाला.

"विषय तोच आहे. तुम्ही मोहित्यांना संजनाची माहिती पाठवलीत. मी वाचली. एकुलती एक, असं लिहिलंय."

"आता आहेच ना एकुलती."

हे बोलला आणि स्वतःच दचकला. बेडशीट सोफ्यावर टाकून बाथरूममध्ये गेला, आणि नळ बराच वेळ नुसताच वाहत राहिला.

ममतानं बेडशीटची घडी उलगडली, कापड चुरून पाहिलं, नाक मुरडलं आणि ते संजनाच्या पलंगावर घातलं. भिंत होती तशी राहिली.

खालच्या मजल्यावरची अजरा रविवारी सकाळीच वर आली. ती राजापूरची. तिच्या नवऱ्याचं, हमदुल्लाचं, मीना बझारात कापडाचं दुकान. तिनं काळ्या सॅटीनची गुंडाळी ममताच्या हातात ठेवली.

"सगळ्यात बारीक पोताचं आणलंय. अबायाला वापरतात त्यापेक्षा चांगलं. कशाला हवंय ते मी विचारणार नाही."

"विचार की."

"नको. विचारलं की तू सांगशील, आणि मग मला ठकुमावशींसमोर तोंड वाकडं न करता बसावं लागेल." अजरा मशीनशेजारच्या स्टुलावर टेकली. "आमच्यात मयताचा शोक तीन दिवस. नवऱ्याचा असेल तर चार महिने दहा दिवस. मी परवा विचार करत होते, आईनं किती धरायचा? तीनच, बघ. पण तीन तरी मिळायला हवेत ना, ममता. तुला ते तीनही कुणी दिले नाहीत."

ममतानं सुई ओवली. तिला दोन वेळा ओवावी लागली.

"यल्ला, निघते," अजरा उठली. "खीर पाठवते आमच्या लेकीकडून, सुमैय्याकडून. पाहुण्यांना सांग, तूच केलीस."

मोहितेबाई ठरल्या वेळेला आल्या. गोल चेहरा, गडगडाटी आवाज, आल्या आल्या "चष्मा गाडीत राहिला, असू दे, माणसं दिसतायत" म्हणून सगळ्यांना जवळ घेणाऱ्या. ममताला त्या आवडल्या, आणि आवडल्यामुळे जास्तच धास्ती वाटली. विघ्नेश मागे मिठाईचा डबा घेऊन उभा होता. मोहितेबाई सोफ्याकडे वळल्या, आणि सुदेश पडदा, ए.सी., दुबईतलं भाडं असं सगळं एकदम बोलायला लागला. पण व्हायचं ते झालंच. बाई भिंतीसमोर थांबल्या. काळ्या फुलातल्या त्या विटक्या फोटोकडे डोळे बारीक करून पाहिलं. चपला दारातच काढलेल्या होत्या. त्यांनी पदर नीट केला आणि हात जोडले.

"कोण म्हणायचे हे? आजोबा?"

ममता तोंड उघडणार तेवढ्यात सुदेश म्हणाला, "पणजोबा."

विघ्नेशनं फोटोकडे पाहिलं. मग संजनाकडे. संजनानं डोळ्यांनी त्याला असं काही बजावलं की तो मिठाईचा डबा उघडून त्यात बघत बसला.

"वाटलंच मला," मोहितेबाई म्हणाल्या. "कपाळ तुमच्यासारखंच आहे, सुदेशराव. मिलिटरीत होते का?"

"म्हणजे... युद्धात होते."

"लढाईत गेले?"

"लढाई संपल्यावर. गोळी लागून."

"अरेरे!" बाईंनी पुन्हा हात जोडले. "आई, हे तुमचे आजेसासरे ना मग?"

ठकुबाईंची अडचण झाली. पण इतक्या वर्षांचं वळण ते. आजेसासऱ्यांचं नाव निघताच हात आपोआप डोक्यावरून पदर घ्यायला गेला. आणि एकदा पदर घेतल्यावर त्यांना मागे फिरता येईना. "फार कडक होते," त्या म्हणाल्या.

विघ्नेशला ठसका लागला.

"कुंकू लावते मी," मोहितेबाई म्हणाल्या. "घरातल्या मोठ्यांना आधी सांगायला हवं ना, मुलगी मागायला आलोय म्हणून." ठकुबाईंनी मुकाट्यानं करंडा पुढे केला, आणि अमेरिकेच्या अध्यक्षाच्या काचेवर शारजाच्या विहीणबाईंनी ठसठशीत कुंकू लावलं.

"आणि ही फीत कसली? काय लिहिलंय, विघ्नेश? वाच रे."

विघ्नेशनं घसा साफ केला. "द नेशन मोर्न्स. म्हणजे... सगळा देश शोक करतोय, असं."

"बघा! काय नशीब असतं एकेकाचं," मोहितेबाई अगदी मनापासून म्हणाल्या. "सगळ्यांच्या देखत रडले की हो त्याच्यासाठी."

ममता वळून स्वयंपाकघरात गेली. आधी तिला हसू आलं होतं. फ्रीजला टेकून ती मनसोक्त हसणार होती. पण बाईंच्या त्या शेवटच्या वाक्यानं हसू कुठल्या कुठे गेलं. एका परक्या माणसासाठी दोन मिनिटांत आजेसासरेपण, पदर, कुंकू, हळहळ, सगळं निघालं होतं. खोटं बोलायला या घराला एवढा कमी वेळ लागतो! कारण सराव होता.

तिनं डब्यामागून सकाळी शिवलेली फीत काढली. काळं सॅटीन, बोटभर रुंद, काठ हातानं शिवलेला, आणि वर पासपोर्टच्या जुन्या फोटोतला अरुण, कान जरा पुढे आलेला. मोरपंखी साडीवर, डाव्या बाजूला, तिनं ती लावायला घेतली.

संजना पोह्यांच्या बशा न्यायला आत आली आणि थबकली. ममता तिच्याकडे वळली, मान ताठ करून. नको म्हणाली तरी काढणार नाही, हे तिनं ठरवलं होतं. पण हिचंच लग्न आहे, हेही तिला दिसत होतं.

"मम्मा," संजना म्हणाली.

"बोल."

"इट्स क्रुकेड." तिनं बशा खाली ठेवल्या, पिन काढली, फीत सरळ केली, पुन्हा लावली. भावाच्या फोटोवरून अंगठा फिरवला. "मी विघ्नेशला फक्त हार्ट एवढंच सांगितलंय. आय कुडन्ट से द अदर थिंग."

"मलाही कुठे येतंय," ममता म्हणाली.

बाहेर मोहितेबाईंचा आवाज चालला होता. "आमचा हा एकटाच, तुमची ही एकटीच. दोन घरांचं एकच होईल बघा, सुदेशराव. एकटीच ना संजना?"

"एकटीच," ठकुबाई म्हणाल्या. अजून पदर डोक्यावर होता.

ममता ट्रे घेऊन बाहेर आली.

ती सगळ्यांच्या मधोमध उभी राहिली आणि ट्रे खाली ठेवला नाही, कारण हात रिकामे झाले तर ते फीत झाकायला जातील अशी तिला भीती होती. सुदेश उठून उभा राहिला. मोहितेबाईंनी पोह्यांकडे पाहिलं, मग वर. चष्मा नव्हता, पण त्या होत्या अगदी समोर, हातभर अंतरावर.

"हा कोण हो?"

"अरुण," ममता म्हणाली. "माझा मुलगा. संजनाहून मोठा. तीन वर्षं झाली त्याला जाऊन. सुतक मी आज धरलंय, कारण तेव्हा धरू दिलं नाही. शोकातलं घर तुम्हाला चालत नसेल तर तसं सांगा, पण मी मुलगा लपवून मुलगी देणार नाही."

"हार्टनं गेला हो," ठकुबाई घाईघाईनं म्हणाल्या. "अचानक. हार्टनं. डॉक्टर काय करणार?"

"अगं बाई," मोहितेबाई पुटपुटल्या. "एवढ्या तरण्या वयात? असं कसं झालं?"

हाच तो प्रश्न. याच्यासाठी ममतानं आठवडाभर वाक्य तयार केलं होतं. मशीनवर बसून, भाजी निवडताना, मेट्रोत, मनातल्या मनात घोकलं होतं. आता ते जिभेवर आलं आणि तिथंच अडलं. ट्रेमधल्या बशा एकमेकींवर किणकिणायला लागल्या. नवऱ्यानं लपवलं, सासूनं लपवलं, म्हणून ती इतके दिवस भांडली. पण तो शब्द तिनं तरी कधी उच्चारला होता? भिंतभर दुसऱ्याच्या गोळीचं सामान लावलं, आणि स्वतःच्या पोराचं एक वाक्य तिला बोलता येईना.

सुदेश पुढे आला. तो ट्रे हिसकावून घेणार, आत नेणार, असं तिला वाटलं आणि तिनं तो घट्ट धरला. पण त्यानं फक्त खालून हात लावला. बशा वाजायच्या थांबल्या.

"मोहितेबाई," तो म्हणाला, "भिंतीवरचा तो माणूस माझा कुणी लागत नाही. अमेरिकेचा प्रेसिडेंट आहे तो. मी खोटं बोललो."

"सुदेश," ठकुबाई कळवळून म्हणाल्या. "अरे, पोरीचा तरी विचार कर."

"खलास, आई. आता नको." त्यानं ममताच्या छातीवरच्या फितीकडे पाहिलं. सुटकेस बंद केल्यापासून त्यानं तो चेहरा पाहिला नव्हता. "तो कुणी लागत नाही. हा लागतो. हा माझा मुलगा. याच्या हार्टला काही झालं नव्हतं. मला त्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला होता आणि मी मीटिंगमध्ये आहे म्हणालो. अरुणनं आत्महत्या केली."